नलूताईंच्या खिडक्या

नलूताई बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत. त्यांची नजर गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधे जो लहानसा खळगा असतो, तिथे टेकलेली असे. मी आयर्लंडमधल्या ड्रोहेडाला त्यांच्या घरी खोली बघायला गेले तेव्हा मला ते फार विचित्र वाटलं. मी जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली, तरी नजर हलेना.

"चढावरून पळत आलीस की घाबरून राहिली?" त्यांनी विचारलं.

"पळत आले," मी खोटंच सांगितलं.

"पळणाऱ्याचा श्वास खोल जातो गं. तुझा वरच्या वर चालू आहे. बस. चहा घे. खोली तुझी झाली."

मास्टर्ससाठी मी पुण्याहून आले होते आणि खोली शोधून शोधून रडकुंडीला आले होते. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांचं नाव दिलं. नाव काय, करतेस काय, लग्नाचं काय, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही. मला बोलावंसं वाटलं की मी बोलायची, नाही वाटलं तर आम्ही दोघी गप्प बसून जेवायचो. माझ्यासारख्या मुलीला हे केवढं मोठं होतं, ते कुणाला समजावून सांगता येणार नाही. समोरच्याला आतलं सगळं दिसतंय आणि तरी तो त्याला हात लावत नाही, असा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

डॉ. नलिनी गावंडे मूळच्या नागपूरच्या. आयर्लंडमध्ये त्यांनी भूलतज्ज्ञ म्हणून जन्म काढला. मी भेटले तेव्हा निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. बुटक्या, रुंद, केस अगदी बारीक कापलेले, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरून "मीठ संपलं!" म्हणाल्या तर शेजारची बाई मीठ घेऊन येईल. मंडळातले सगळे त्यांना मॅडम म्हणत. मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ताई म्हण. आंटी म्हणालीस तर भूल देईन."

माझ्या मराठीवर त्यांचा विशेष राग. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, वाक्याच्या मधेच अडकायची आणि इंग्रजीत उडी मारायची. "तुझं मराठी म्हणजे एअरपोर्टवरचा वडा आहे," त्या म्हणत. "आकार बरोबर. चव नाही." पण त्यांच्या स्वतःच्या बोलण्यात आयर्लंड कुठून कुठून घुसलं होतं. कपाटाला त्या प्रेस म्हणत, आणि नावं त्यांच्या लक्षात राहत नसल्यामुळे जगातला प्रत्येक पुरुष युवर मॅन होता. "तो युवर मॅन आला होता बॉयलरवाला. पाहून गेला. काही करून नाही गेला बाप्पा."

आपल्या कामाबद्दल त्या फारसं बोलत नसत. "सर्जन कापतो आणि निघून जातो. माणसाला परत आणायचं काम माझं," इतकंच. पण ड्रोहेडात त्यांच्याबरोबर सुपरमार्केटला जाणं म्हणजे एक दिव्य होतं. एकदा दुधाच्या फ्रीजपाशी एक उंच म्हातारा ट्रॉली सोडून त्यांच्याकडे आला. टोपी काढली आणि म्हणाला, "डॉक्टर, ब्लॅकीला वासरू झालं."

"हो? आणि डेझीचा पाय?" नलूताईंनी तिथल्या तिथे विचारलं.

मग गाईंवर बराच वेळ चर्चा झाली. मी दही निवडल्यासारखं करत उभी राहिले. परत येताना त्यांनी सांगितलं. या माणसाचं खुब्याचं ऑपरेशन होतं. टेबलावर तो इतका घाबरला होता की थरथर थांबेना. कुणीतरी त्याला उलटे आकडे मोजायला सांगितलं, तर तो चिडून म्हणाला, आकडे मला शाळेतही आले नाहीत. नलूताई त्याच्या डोक्याशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, गाई किती आहेत? नावं सांगा, एकेक, सावकाश. तो गोठ्याच्या दारापासून सुरू झाला आणि ब्लॅकीवर झोपला. शुद्धीवर आला तेव्हा नलूताई तिथेच होत्या. त्यांनी विचारलं, "ब्लॅकीच्या पुढे कोण?" आणि तो पुढची नावं सांगायला लागला.

तेव्हापासून त्यांनी आकडे सोडले. कुणाला शाळेचा रस्ता सांगायला लावायचा, कुणाला भावंडांची नावं, कुणाला गावच्या हर्लिंगच्या संघातले खेळाडू. "माणूस आपल्या ओळखीच्या जागेवरून झोपला ना, की परत येताना वाट चुकत नाही," त्या म्हणाल्या. यामागे शास्त्र किती आणि श्रद्धा किती, मला माहीत नाही. पण फ्रीजपाशी टोपी हातात धरून उभा असलेला तो माणूस मी पाहिला आहे.

आता त्यांच्या घराबद्दल. त्या घरात एकाही भिंतीला खिळा नव्हता. गणपतीची तसबीर, मुलाचा पदवीचा फोटो, नागपूरच्या घराचं एक जलरंगातलं चित्र, सगळं जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेलं. मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारलं, लावायचं आहे का? त्या म्हणाल्या, "भाड्याचं घर आहे." सुरुवातीच्या वर्षांत त्यांना दर थोड्या महिन्यांनी हॉस्पिटल बदलावं लागे. मलिंगार, कॉर्क, पुन्हा मलिंगार. नवरा त्या काळातच गेला. मुलगा अनिकेत पदरात, आणि मनात कायम एकच, की पुढच्या वर्षी नागपूरला परत जायचंच आहे, तर इथे घर कशाला? ही पुढच्या वर्षाची गोष्ट इथल्या अनेक मराठी डॉक्टरांच्या घरात ऐकू येते. नलूताईंचं पुढचं वर्ष तीस वर्षं लांबलं. अनिकेत मोठा होऊन मेलबर्नला गेला, आणि त्या अजून खिळा न ठोकता राहत होत्या.

त्यांच्या निवृत्तीनंतर काही दिवसांतच घरमालकाने घर विकायला काढलं. मी डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला इतर मुलींबरोबर राहायला गेले. अनिकेतने मेलबर्नहून रोज फोन सुरू केले. आदल्या हिवाळ्यात नलूताईंना न्यूमोनिया झाला होता. त्या खुर्चीत बसून झोपत, आणि तो धावत आला होता. तेव्हापासून आईची छाती हा त्याचा एकमेव विषय होता. "आई, इथे ऊन आहे, खोली आहे, मुलं आहेत. ये," तो इंग्रजीत म्हणायचा, पक्क्या आयरिश हेलात. त्याचं जवळजवळ सगळं बोलणं इंग्रजीतच असे. नलूताई मराठीत विचारायच्या, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. लहानपणापासून दोघांचं असंच चाललेलं.

त्याला वाटलं आई येणार. मलाही तसंच वाटलं. आणि नलूताईंनी एक कॅराव्हॅन घेतली.

घेतली म्हणजे मागितली. मोरा नावाची त्यांची मैत्रीण होती, ऑपरेशन थिएटरमधली जुनी नर्स. समुद्राच्या बाजूला तिची शेती आहे. गोठ्यामागे एक म्हातारी कॅराव्हॅन, गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, तिची मुलं लहान होती तेव्हापासून उभी होती. ॲल्युमिनियमच्या चौकटींच्या खिडक्या, कधीकाळी पिवळे असतील असे पडदे, आणि आत शिरताच ओल्या कुत्र्याचा वास. प्रत्येक खिडकीखाली भिंतीवर पाण्याचे तपकिरी नकाशे. मोरा ती भंगारात देणार होती.

"नलिनी, ही कॅराव्हॅन नाही, चाकं लावलेली बादली आहे," मोरा म्हणाली.

"बादलीत पाणी राहतं. हिच्यातून वाहून जातं. म्हणजे बादलीपेक्षा वाईट," नलूताई म्हणाल्या. "पण मला दे."

कॅराव्हॅन राहण्याजोगी होईपर्यंत त्या मोराच्या मागच्या खोलीत राहायला गेल्या. शेजारी मैत्रीण, वीज-पाणी तिच्या घरून, आणि दार उघडलं की शेत आणि त्यापलीकडे समुद्राची करडी रेघ. मंडळात कुजबुज झाली. डॉक्टर बाई आणि कॅराव्हॅनमध्ये? मुलाने टाकलं की काय? नलूताईंच्या कानावर ते आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "टाकलं नाही. मीच निसटून राहिली."

पण अनिकेत निसटू देणारा नव्हता. त्याने व्हिडिओ कॉलवर सरळ अट घातली. मी शेजारीच बसले होते. जानेवारीत तो येईल. आत ओल दिसली, एक थेंब जरी खिडकीतून आत आलेला दिसला, तर आईने सामान बांधून त्याच्याबरोबर चालू लागायचं. मग वाद नाही.

नलूताईंनी स्क्रीनवरच्या त्याच्या गळ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कबूल."

त्यांनी कबूल म्हटलं म्हणजे ते झालं, हे अनिकेतलाही माहीत होतं.

दसरा होऊन गेला होता. मंडळाच्या प्रसाद करमरकरांना ही गोष्ट कळली आणि त्यांनी श्रमदान जाहीर केलं. प्रसाद आमच्या मंडळाचे अध्यक्ष, मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचे आराखडे करणारे, उत्साहाचा धबधबा. रविवारी सकाळी गाड्या भरून माणसं शेतात उतरली. गमबूट, सिलिकॉनच्या बंदुका, मुलं, आणि दोन मोठ्या पातेल्यांत मिसळीचा रस्सा. दुपारपर्यंत त्यांनी बाहेरून दिसेल ती फट बुजवली. चौकटीच्या वर, खाली, बाजूंना, पांढऱ्या सिलिकॉनचे जाड थर. मग गोठ्यात बसून मिसळ झाली, फोटो झाले, आणि ग्रुपवर मेसेज आला, मिशन कॅराव्हॅन फत्ते. नलूताईंनी प्रत्येकाला हाताने पाव वाढला. कामाबद्दल त्या दिवशी त्यांनी चकार शब्द काढला नाही. लोक प्रेमाने आले होते.

मग पाऊस लागला, आणि पुढच्या शनिवारी मी गेले तर त्या आत गुडघ्यांवर बसलेल्या. खिडकीखालच्या प्लायवूडवर अंगठा दाबत होत्या, जसा डॉक्टर सुजलेल्या पायावर दाबतात. अंगठा काढला. खड्डा तसाच राहिला.

"पाहिलंस?" त्या म्हणाल्या. "आधी नव्हतं एवढं."

त्याचं कारण त्यांनी मला चौकटीच्या खालच्या कडेला दाखवलं. तिथे मुळात बारीक खाचा होत्या. वरून पाणी थोडं आत शिरलंच तर त्या खाचांतून बाहेर पडावं अशी सोय. श्रमदानात त्या सगळ्या खाचा बुजल्या होत्या. पाणी वरच्या गंजलेल्या स्क्रूंपाशी शिरत होतंच, आता त्याला जायला वाट नव्हती. ते भिंतीत मुरत होतं.

संध्याकाळी प्रसादचा फोन आला. त्यांनी स्पीकरवर घेतला.

"काय ताई, आता एकदम ग्रँड ना?"

"प्रसाद, मिसळ एक नंबर होती. पण तुम्ही जखम न धुता टाके घातले. पू आत राहिला."

"अहो पण आम्ही व्हिडिओ बघून केलं सगळं!"

"मग तो व्हिडिओ गळत असेल."

पलीकडून नुसतं "अच्छा" आलं. प्रसादना लागलं ते, मला फोनवरूनही कळलं. नलूताईंनी सारवासारव केली नाही. फक्त म्हणाल्या, "मी सगळं काढणार आहे. वेळ असेल तर ये. मिसळ नको. पाण्याचा पाइप धरायला माणूस पाहिजे."

आणि प्रसाद आले. पुढच्या शनिवारी, एकटे, फोटोबिटो न काढता. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

पुढचे दोन महिने मी जे पाहिलं ते मी अजून मनात उलगडून बघते. मी काही केलं नाही. मला त्यातलं काही येतही नव्हतं. मी शनिवारी ट्रेनने यायची, मोराच्या स्वयंपाकघरातून चहा आणायची आणि पायरीवर बसायची.

त्या एका वेळी एकच खिडकी काढत. आधी आतली पट्टी, मग स्क्रू एकेक करून एका वाटीत, मग अख्खी चौकट दोन्ही हातांनी बाहेर. भिंतीत चौकोनी भोक, आणि त्यातून समुद्रावरचा वारा सरळ आत. जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडायचं, धातूचं पातं वापरायचं नाही, पत्र्याला ओरखडा गेला तर पाणी त्याच वाटेने येणार. कुजलेली लाकडी पट्टी काढून नवी. आणि मग थांबायचं. लाकूड कोरडं होईपर्यंत हात लावायचा नाही. भोकावर प्लॅस्टिक ताणून त्या दिवसच्या दिवस थांबत. प्रसाद चुळबुळ करायचे. "ताई, जानेवारी आला हं जवळ."

"ओल्या लाकडावर चिकटवलेलं टिकत नाही. जानेवारी काय, तुझा पंतप्रधान आला तरी."

लाकूड सुकलं की चौकटीच्या कडेला काळी चिकट पट्टी लावायची. च्युइंगगमसारखी, कधीच कडक न होणारी. चौकट जागेवर बसवायची, आणि स्क्रू. एक इकडचा, मग त्याच्या बरोबर समोरचा, प्रत्येक थोडाथोडाच. काळी पट्टी दाबली जाऊन कडेने बाहेर येऊ लागे, सोऱ्यातून चकली यावी तशी, सगळ्या बाजूंनी सारखी. एका बाजूने जास्त आली की त्या थांबत, स्क्रू सैल करत. त्यांची बोटं जाड होती, नखं तुटलेली. पण त्या बोटांना कुठे थांबायचं ते कळत होतं. ते पाहताना माझाच श्वास अडकून राही, आणि त्या मान न वळवता म्हणत, "सोड. श्वास सोड गं, खिडकी पळून नाही चालली."

मग परीक्षा. नलूताई आत टॉर्च घेऊन, खिडकीच्या आतल्या कडेला टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवलेल्या. प्रसाद बाहेर पाइप घेऊन.

"खालून!" आतून आवाज. "आधी खालून."

"ताई, पाऊस वरून पडतो."

"पाऊस पडू दे वरून. आपण शोधून राहिलो आहोत. वरून सुरू केलं तर सगळंच ओलं होतं, दोष कुठे ते कळत नाही. खालची कड. थांब तिथेच. आता हातभर वर. थांब."

टिश्यूवर पहिला राखाडी ठिपका जिथे उमटे, तिथे दोष. ठिपका उमटला की त्या फक्त एक शब्द म्हणत, "परत." त्यात चिडणं नव्हतं, हताशपणा नव्हता. चौकट पुन्हा बाहेर, पट्टी पुन्हा खरवडून, सगळं पहिल्यापासून. पलंगावरच्या खिडकीने तर इतक्या वेळा "परत" म्हणायला लावलं की एकदा प्रसाद पाइप टाकून शेतात फेरी मारून आले. मी माझ्या आयुष्यात एखादी गोष्ट दोनदा जमली नाही की सोडून दिली आहे. कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने. त्या पायरीवर बसून मी एका साठी ओलांडलेल्या बाईला तेच काम पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी पहिल्यांदा करावं तसं, करताना पाहिलं.

डिसेंबरमध्ये मी त्यांना सांगितलं की माझा व्हिसा संपतोय, नोकरी देणारं कुणी परमिट करायला तयार नाही, जानेवारीच्या शेवटी मी पुण्याला परत जाणार. त्या स्क्रू फिरवत होत्या. थांबल्या. माझ्या गळ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या, आणि सरकून माझ्यासाठी शेजारी जागा केली. आम्ही तिथे बसून राहिलो. मला तेच हवं होतं.

जानेवारी आला. सगळ्या खिडक्या पास झाल्या. वादळी पावसातही आत पट्ट्या कोरड्या. तरी नलूताई तोवर एकदाही तिथे झोपल्या नव्हत्या, स्वयंपाक केला नव्हता. कोरडी झाली म्हणजे मगच, असा त्यांचा हट्ट. पहिली रात्र अनिकेतबरोबरच काढायची असं त्यांनी ठरवलं होतं.

तो उंच, दाढीवाला, सारखा हात चोळणारा. मेलबर्नच्या उन्हाळ्यातून आलेला, थंडीने काकडलेला. आल्या आल्या त्याने भिंती दाबून पाहिल्या, अंगठ्यानेच, आईसारख्या. काही सापडलं नाही. संध्याकाळी नलूताईंनी कॅराव्हॅनमध्ये पहिल्यांदा कुकर लावला. वरण-भात, आणि त्याच्या आवडीच्या नागपुरी पुडाच्या वड्या तळल्या. मोरा, मी, ते दोघं, गुडघ्याला गुडघा लावून जेवलो. अनिकेतला थंडी वाजत होती म्हणून खिडक्या, दार, छतावरची झडप, सगळं गच्च बंद. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या. मग मोरा आणि मी तिच्या घरात झोपायला गेलो.

सकाळी मी चहा घेऊन गेले.

पलंगावरच्या खिडकीवरून पाणी ओघळत होतं. नुसते थेंब नव्हे, ओघळ. खालच्या पट्टीवर लहानसं तळं. बाकीच्या खिडक्याही तशाच. अनिकेत पांघरूण घेऊन खिडकीपाशी बसला होता. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. "आय ॲम सॉरी, आई," तो म्हणाला.

आणि नलूताईंनी पलंगाखालून सुटकेस ओढली होती.

हे मी विसरणार नाही. त्यांनी एक शब्दही वाद घातला नाही. थांब, बघू दे, असं म्हटलं नाही. कबूल म्हटलं होतं. त्या स्वेटर घडी करून ठेवत होत्या, नीट, बाह्या आत दुमडून. हात स्थिर होते. पण चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. मोरा माझ्या मागे येऊन उभी राहिली.

अनिकेतने कोपराने काचेचा थोडा भाग पुसला आणि बाहेर बघत बसला, आईकडे बघवत नव्हतं म्हणून. नलूताई पुढचा स्वेटर उचलायला वळल्या आणि तशाच थांबल्या.

पुसलेल्या जागेवर अनिकेतच्या तोंडासमोर वाफेचा गोल उमटला. विरला. पुन्हा उमटला. विरला.

"अनिकेत," त्या हळूच म्हणाल्या. "हलू नको."

"काय?"

"हलू नको. श्वास घे. घे. सोड."

गोल उमटला. त्या स्वेटर हातात घेऊन बघत राहिल्या. जन्मभर ज्या बाईने मास्कच्या आत उमटणाऱ्या अशाच गोलाकडे बघून माणूस आहे, चालू आहे, हे जाणलं, ती आता आपल्या मुलाचा श्वास काचेवर येताना जाताना बघत होती. मग त्यांनी दार धाडकन उघडलं. बाहेर शेत पांढरंशुभ्र होतं. कडक, कोरडं दव गोठलेलं.

"मोरा, रात्री पाऊस झाला?"

"एक थेंब नाही. गाडीची काच गोठलीये."

"मग हे पाणी कुणाचं?" नलूताई गर्रकन वळल्या. "बाहेरचं नाही रे! हे तुझं आहे. माझं आहे. कुकरचं आहे! वरण-भाताचं पाणी आहे हे, बाप्पा! एवढं गच्च बंद केलं मी, की आतलं बाहेर जाईना. प्रसादने केलं तेच मी केलं!"

आणि त्या हसायला लागल्या. पलंगावर बसून, सुटकेसवर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आख्खा जन्म लोकांचे श्वास राखले," त्या मोराला इंग्रजीत सांगत होत्या, "आणि घरात स्वतःचा ओळखू आला नाही!" मोराही हसून हसून दाराला धरून उभी होती. अनिकेत आधी बघत राहिला, मग त्यालाही हसू फुटलं.

"मग काय करायचं? श्वास घ्यायचा नाही?" त्याने विचारलं.

"खिडकी उघडायची," नलूताई म्हणाल्या. "थोडी. कायम."

त्यानंतर हसू ओसरलं आणि अनिकेत पांघरुणाचं टोक पिळत बसला. मी बाहेर जायला हवं होतं, पण दारात मोरा होती. तो इंग्रजीत म्हणाला, "आई, मला पाण्याची भीती नव्हती. तू खुर्चीत बसून झोपायचीस ना, तेव्हा मी पलीकडच्या खोलीतून तुझा श्वास ऐकत असायचो. रात्रभर. मेलबर्नमध्ये मला तो ऐकू येत नाही."

नलूताईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या वेळी, माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच, त्यांनी गळ्याकडे न बघता डोळ्यांकडे पाहिलं. "मलेही तुझा येत नाही रे," त्या म्हणाल्या. "तू गेलास तेव्हापासून."

सुटकेस त्यांनी बंद केली नाही, परत पलंगाखालीही ढकलली नाही. ती दिवसभर तशीच उघडी पडून होती. अट कुणी मोडली, कुणी पाळली, हे कुणी बोललं नाही. संध्याकाळी अनिकेत मोराच्या घरून ओली फडकी आणून काचा पुसत होता.

दोन दिवसांनी त्याचं विमान होतं. मला तो डब्लिनपर्यंत सोडणार होता; त्याच आठवड्यात माझंही पुण्याचं विमान होतं. पाऊस लागला होता, सरळ धारांचा. नलूताईंनी निरोपाला बाहेर यायचं नाही, भिजायचं नाही, हे अनिकेतने बजावून ठेवलं होतं. गाडीत बसल्यावर त्याने काच खाली केली. काहीतरी मोठं बोलेल असं मला वाटलं. तो मराठीत ओरडला, शब्द शोधत शोधत, "आई! कुकर बाहेर लावायचा! मोराकडे! रोज!"

कॅराव्हॅनच्या त्या खिडक्या वरून बिजागरीला टांगलेल्या आहेत. खालून ढकललं की छपरासारख्या उघडतात, पाऊस वरून घसरून जातो. पलंगावरची खिडकी वीतभर उघडी होती. त्या फटीतून नलूताईंचा हात मनगटापर्यंत बाहेर आला आणि हलू लागला. चेहरा दिसत नव्हता. काचेवरून पाणी वाहत होतं, आणि त्याखाली तो जाड बोटांचा हात, कोरडा, हलत होता. गाडी गोठ्याला वळसा घालून गेली तोपर्यंत हलत होता.